पिशवीला बंदी, चुऱ्याला मुभा

छत्रपती संभाजीनगरात प्लॅस्टिकची पिशवी हातात असेपर्यंतच गुन्हेगार असते. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड. तीच पिशवी उन्हाने विरून पाच मिलिमीटरच्या आत आली, की सूक्ष्मकण ठरून निर्दोष सुटते. एवढ्याशा आरोपीची पावती फाडायची कशी? राज्याने बंदीची अधिसूचना काढली 23 मार्च 2018ला. त्याच सुमारास शहराचा नारेगावातला कचरा डेपो गावकऱ्यांनी बंद पाडलेला, मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार झालेला, अन् चौकाचौकांतले ढीग पेटलेले. मुहूर्त अगदी अचूक साधला होता.

जाणकार म्हणतात, प्लॅस्टिक निष्क्रिय असतं, पोटात गेलं तसं बाहेर पडतं. त्यांनी कचराकुंडीपाशी चरणाऱ्या गायीकडे चौकशी करावी. तिच्या कोटीपोटातला पिशव्यांचा गोळा पचत नाही, पुढेही सरकत नाही. निष्क्रिय असणं हाच त्याचा उपद्रव. पोट भरल्यासारखं वाटतं, चारा जात नाही, जनावर खंगतं. 30 सप्टेंबर 2024ला राज्याने देशी गायीला राज्यमातेचा दर्जा दिला. आहार मात्र जुनाच राहिला. माणसाचं प्रकरण अधिक बारीक आहे. त्याच वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून काढलेला मेदाचा थर तपासल्याचं प्रसिद्ध झालं. 257 रुग्णांपैकी 150 जणांच्या थरात पॉलिथिन निघालं आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका त्यांना इतरांच्या साडेचार पट दिसला. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे; संशोधकांनीही तो मान्य केला आहे. पिण्याच्या पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या कणांचा सध्या धोका दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना 2019 मध्ये म्हणाली, हेही खरं. फक्त त्याच अहवालात माहिती तोकडी असल्याचं आणि प्लॅस्टिकचं प्रदूषण आवरायला हवं असंही लिहिलं होतं. आपलं वाचन सोयीच्या वाक्यापाशी थांबतं.

या शहराची सोय तर वेगळीच. जायकवाडीचं धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी वर्षानुवर्षं स्थिती. नळाला कित्येक दिवसांआड पाणी, आणि मधले दिवस गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी अन् प्लॅस्टिकचा जार निभावून नेतात. अमेरिकेत बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात प्लॅस्टिकचे सरासरी 2 लाख 40 हजार कण मोजले गेले. आपल्या जारमध्ये किती, हे विचारून कुणाला अडचणीत आणू नये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, गढूळपणाला मर्यादा आहे, या कणांना नाही. त्यामुळे पाणी त्यांच्यापायी नापास व्हायची भीतीच उरलेली नाही.