टाकीवरचं वीजकेंद्र

पावसाळी शनिवारी कर्जतहून ठाकुरवाडीकडे वळणाऱ्या मोटारसायकलींच्या टाकीवर हल्ली एक फुगीर बॅग बसलेली असते आणि तिच्यातून एक वायर सीटखाली गेलेली असते. मोबाइल उपाशी राहता कामा नये!

तसं काम साधं आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ५ अँपिअरचा फ्यूज, पुढे वायर, टाकीपाशी दोन पिनांचा कनेक्टर. बॅटरीकडच्या अर्ध्या भागात धन पिन झाकलेली हवी. उघडी पिन मोटारसायकलच्या पत्र्याला टेकली की ठिणगी, आणि ठिणगीच्या शेजारी पेट्रोल. पण बॅगेवर हजारो रुपये उधळणारा गडी नेमका फ्यूजपाशी काटकसरी होतो.

याच डोंगरांच्या पायथ्याशी, खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून, टाटांची केंद्रं घाटावरचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करू लागली. आसपासच्या कित्येक वाड्यांवर दिवा पोचायला मात्र पुढे काही दशकं गेली. आता मुंबईकर स्वतःची चिमूटभर वीज टाकीवर लादून इकडे घेऊन येतो, हेही नसे थोडके.

डोंगराच्या आड गेल्यावर चार्ज शंभर टक्के, सिग्नल शून्य. नकाशा गोल गोल फिरत राहतो. शेवटी हेल्मेट काढून तो रानभाजी विकणाऱ्या बाईंना विचारतो, "मावशी, ठाकुरवाडी कुठे आली?"

"कंची? हितं लई हायत."