गळा, बाही आणि संस्कृती

महाराष्ट्राला सध्या एका पदाची नितांत गरज आहे. ते भरण्यासाठी कोणी जाहिरात देत नाही, म्हणून आम्हीच अर्ज करायचे ठरवले आहे. पदाचे नाव : वस्त्रपरीक्षक (स्त्रिया). वेतनश्रेणी : नाही, कारण हे काम लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट आणि हौसेने करत आले आहेत. पात्रता : दोन डोळे, भरपूर मोकळा वेळ आणि आपल्या स्वतःच्या कपड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही याची खात्री. हा अर्ज आम्ही गॅलरीत बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर बसून लिहीत आहोत. समोरच्या इमारतीतून अजून तरी हरकत आलेली नाही. तेव्हा तिन्ही अटी पूर्ण.

या पदाची निकड आम्हाला पहिल्यांदा जाणवली ती तुळजापूरमुळे. मे २०२३ मध्ये तुळजाभवानी मंदिराच्या आवारात फलक लागले. अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य आणि अशोभनीय कपडे घालणाऱ्यांना प्रवेश नाही. हाफ पँट आणि बर्मुडावाल्यांनाही नाही. ओरड झाली आणि निर्णय लगोलग मागेही घेतला गेला. बाकीचे लोक निर्णय योग्य की अयोग्य यावर भांडत बसले. आम्हाला काळजी अंमलबजावणीची. हाफ पँट ओळखणे सोपे, गुडघा दिसला की झाले. 'अंगप्रदर्शक'सुद्धा एक वेळ इंचपट्टी लावून ठरवता येईल. पण 'उत्तेजक'? दारावर उभा असतो कंत्राटी सुरक्षारक्षक, त्याची पाळी लांबलचक, समोर मंगळवारची रांग. एखादा कपडा उत्तेजक आहे हे सिद्ध व्हायला आधी कोणीतरी उत्तेजित व्हावे लागते. ते काम त्या गरिबाने करायचे? आणि झाल्यावर नोंद कशी करायची? 'सकाळी १०.४०, निळा कुडता, किंचित' अशी? शिवाय प्रत्यक्ष आईच्या दारात उभे राहून ज्याला असे काही होते त्याला आत सोडायचे आणि जिच्यामुळे झाले तिला परत पाठवायचे, यातला न्याय आम्हाला नीटसा कळलेला नाही. पण परीक्षकाने न्यायात पडू नये.

तर अभ्यास सुरू केला. पहिला धडा भूगोलाचा, आणि तो भलताच अवघड निघाला. एप्रिल २०१६ मध्ये कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला साडीच हवी, सलवार-कुडता चालणार नाही, यावरून रणकंदन झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांसाठी पोशाखाचे नियम काढले, त्यात शिक्षिकांसाठी साडीच्या जोडीला सलवार-कुडता-ओढणी रीतसर शासनमान्य. आठ वर्षांत तेच कापड असंस्कृताचे सुसंस्कृत झाले. कापडाने काय अभ्यास केला असेल तो केला असेल. (याच नियमांत शिक्षकांना शर्ट पँटमध्ये खोचायला सांगितले आहे. पुरुषांची सभ्यता पट्ट्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते, ही आमच्यासाठी मोठी सोय आहे.)

मग आले कार्ले. शिर्डीने २०२०च्या डिसेंबरात फलक लावले होते, मुंबईच्या सिद्धिविनायकाने जानेवारी २०२५ मध्ये पोशाखाचा नियम जाहीर केला, आणि त्याच वर्षी जुलैत कार्ल्याच्या एकवीरा देवस्थानानेही केला. एकवीरा ही कोळ्यांची आई. आणि कोळणीचे लुगडे पारंपरिक पद्धतीने कुठवर येते हे ज्याने मुंबईचा मासळीबाजार एकदा तरी पाहिला आहे त्याला सांगायला नको. ते घट्ट असते, गुडघ्यापाशी संपते, आणि त्यातली बाई पाटी डोक्यावर घेऊन तुमच्याकडे असे बघते की वस्त्रपरीक्षकाला आपली इंचपट्टी कुठे लपवू असे व्हावे. आता आम्ही दारात उभे राहिलो आणि समोरून आजी आल्या, तर आखूड कपड्यांचा नियम लावायचा की परंपरेचा? आम्ही तरी आजींना वाट देऊ. तत्त्व म्हणून नव्हे, भीती म्हणून.

नऊवारीचे एकूणच अवघड आहे. मागून पाहिली तर पोटऱ्या उघड्या. कोकणात लावणीच्या दिवसांत ती आणखी वर खोचतात आणि दिवसभर चिखलात वाकून काम करतात. शेताच्या बांधावर अजून एकाही समितीने फलक लावलेला नाही. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून, फेटे बांधून, काळे चष्मे लावून बुलेटवर स्वार होतात. तिथे तीच पोटरी संस्कृतीत मोडते आणि काका लोक फोटो काढायला धावतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी गुडघ्याखाली येणारा स्कर्ट घालून जिना उतरली की तेच काका, तीच पोटरी, आणि 'हल्लीच्या मुली'. आमच्या मते हा अक्षांश-रेखांशाचा प्रश्न असावा.

इतिहासाच्या पेपरात मात्र आम्ही जवळजवळ नापासच झालो. आमची समजूत अशी होती की पूर्वी सगळे एकदा व्यवस्थित ठरले होते आणि नंतर ते बिघडत गेले. पुस्तके उघडली तर काही ठरलेलेच नव्हते. आज ज्या गोल साडीला आपण शालीनतेची परमावधी मानतो ती पाचवारी नेसणे एके काळी थिल्लरपणाचे होते. कासोटा नाही म्हणजे काय, असे घरोघरच्या सोवळ्यातल्या बायका विचारत. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत बूट घालून, हातात छत्री घेऊन निघाल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले. छत्री! जी आज प्रत्येक आई मुलीच्या दप्तरात बळेबळे कोंबते. गोपाळ गणेश आगरकरांनी तर 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असा लेखच लिहिला. जाकीट घालणे म्हणजे कपडा वाढवणेच की हो! म्हणजे बाईच्या अंगावर कापड वाढवा म्हणणारा होता सुधारक, आणि ते नको म्हणणारे होते संस्कृतिरक्षक. याच आगरकरांची सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. (जाकिटामुळे नव्हे, एकूणच.) आता आम्ही त्या काळी परीक्षक असतो तर जाकीट घातलेलीला अडवले असते, आणि आज असतो तर न घातलेलीला अडवू. खंत एवढीच की दोन्ही वेळा आम्ही सारख्याच आत्मविश्वासाने अडवले असते.

१९३८ सालच्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे, आणि महाराष्ट्राने एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने चित्रपट पाहिला. पुढे त्यांची नात १९९३ मध्ये मिस इंडिया झाली आणि आपण पेढे वाटले. आज त्या आजीच्या पोशाखाविषयी बोलताना आमचे समवयस्क 'काय अभिजात काळ होता' म्हणून सुस्कारा सोडतात. अश्लीलतेला अभिजात व्हायला किती वर्षे लागतात याचा तक्ता कोणी करून दिला तर आम्हा परीक्षकांची फार सोय होईल.

उलट दिशेलाही हाच कारभार. नवरात्रातले नऊ रंग ही 'आपली परंपरा' घ्या. दोनेक दशकांपूर्वी आमच्याच धंद्यातल्या एका मराठी वर्तमानपत्राने ती चालवली, आणि आज बँकेत, लोकलमध्ये, मंत्रालयात त्या त्या दिवशी त्या त्या रंगाशिवाय पाऊल टाकणारी बाई विरळा. बायकांना त्यात मजा येते, आणि येऊ दे. लोकलच्या डब्यात एका रंगाची शंभर माणसे हसत उभी असणे हे काही वाईट दृश्य नाही. मात्र पिवळ्याच्या दिवशी राखाडी घालून आलेल्या बाईला 'अगं, तुला माहीत नाही?' असे विचारणारी परीक्षक त्याच डब्यात असते, आणि तिने अर्जही केलेला नसतो. या क्षेत्रात पुरुषांची मक्तेदारी आहे हा गैरसमज आहे. तपशिलात बायका आम्हाला कधीही मागे टाकतील. हळदीकुंकवाला साधी साडी नेसून गेले तर 'जरा नटायचं की', आणि नटून गेले तर 'आज काय विशेष?' एकाच संध्याकाळी, एकाच तोंडून, मधे फक्त तिळगूळ.

चालू घडामोडींत आमची भिस्त एका महिन्यावर आहे : नोव्हेंबर २०२२. त्या महिन्याच्या सुरुवातीला मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराशी बोलायला नकार दिला, कारण तिच्या कपाळावर टिकली नव्हती. भारतमाता विधवा नाही, असे कारण त्यांनी दिले. महिना संपता संपता ठाण्यात रामदेव बाबांनी सांगितले की बायका साडीत छान दिसतात, सलवार-कुडत्यात छान दिसतात आणि त्यांच्या नजरेला काहीही घातले नाही तरी छान दिसतात. राज्य महिला आयोगाने दोघांनाही नोटीस काढली; बाबांनी नंतर माफी मागितली. एकाला टिकलीशिवाय चालेना आणि दुसऱ्याला काहीच नसले तरी चालले, आणि दोघांमध्ये चार आठवड्यांचेही अंतर नाही. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बाईने आपले कपाट उघडून सकाळी पावणेआठची लोकल पकडायची असते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेलेल्या बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला होता, आणि सरकारने इतर गावांनाही तसे करायला सुचवले होते. म्हणजे कुंकू पुसू नका हा ठराव गावाचा, आणि कुंकू लाव हा हुकूम राजधानीत. यात एक गोष्ट आम्हाला सोयीस्करपणे विसरायची आहे : हेरवाडच्या ठरावाने कोणालाही लावायला सांगितले नव्हते. फक्त दुसऱ्याच्या कपाळाला हात लावू नका, एवढेच.

२०२३ उजाडले ते उर्फी जावेदच्या कपड्यांवरून. भाजपच्या चित्रा वाघ यांनी कारवाई मागितली, महिला आयोगाने का केली नाही असे विचारले, आणि काही दिवस राज्यातल्या दोन महिला नेत्यांमध्ये एका तिसरीच्या पोशाखावरून खडाजंगी चालली. ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टवरच्या कार्यक्रमाच्या प्रकरणात आखूड स्कर्ट घालून नाचणे एवढ्यानेच अश्लील ठरत नाही असे म्हणून गुन्हा रद्द केला. आम्ही निकाल वाचला आणि खचलो. अशाने आमच्या पदाचे भवितव्य काय?

धीर दिला तो चेंबूरच्या एका महाविद्यालयाने. २०२४ मध्ये त्याने वर्गात हिजाब, बुरखा, टोपी नको म्हटले, आणि पाठोपाठ फाटकी जीन्स आणि टी-शर्टही नको म्हटले. बाईने झाकले तरी चूक आणि उघडे ठेवले तरी चूक, असे दोन्ही बाजूंनी तपासणारे गेट असले तर परीक्षकाला दिवसभर काम पुरते. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, टिळा लावून येणाऱ्यांनाही अडवणार का असे विचारले, आणि मुलींनी काय घालायचे ते त्यांना सांगून त्या सक्षम कशा होणार हेही विचारले. न्यायालये हल्ली फार प्रश्न विचारतात.

कपडे संपले की उरते कातडी. ती बदलता येत नसल्याने परीक्षकाचे काम इथे हलके असेल असे वाटले होते. पण वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदवह्या चाळल्या तर गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी अशा छटा रंगाच्या दुकानातल्या कार्डासारख्या मांडलेल्या. नवरा मुलगा मात्र प्रत्येक वहीत 'उच्चशिक्षित', त्याचा रंग कोणत्याच छापखान्याला सापडला नाही. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून तेज घातले आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. ट्यूब तशीच गुलाबी. आणि आता पार्लरमध्ये मेकअप न केल्यासारखा दिसणारा मेकअप मिळतो, ज्याला मेकअप केल्यासारख्या दिसणाऱ्या मेकअपपेक्षा जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतात. 'साधी मुलगी हवी' म्हणणाऱ्या घरी जाताना तोच करून जायचा, असे आम्हाला एका ब्यूटीशियनबाईंनी समजावून सांगितले.

इतका अभ्यास झाल्यावर आम्ही नियमावलीचा मसुदा तयार केला. गळा, बाही, लांबी, ओढणी, टिकली, लिपस्टिकची छटा, हसण्याची पट्टी, सगळे. लोकशाही पद्धत म्हणून तो इमारतीच्या सूचनाफलकावर आठ दिवस लावला आणि महिला रहिवाशांकडून हरकती मागवल्या. आठही दिवस एकही हरकत आली नाही, म्हणून आनंदाने मसुदा काढायला गेलो तर समासात निळ्या शाईने एक ओळ : 'ते सगळं ठीक आहे. कुडत्याला खिसा कधी मिळणार?' त्याखाली वेगळ्या अक्षरात 'मलाही', त्याखाली 'जीन्सचाही खोटा असतो', आणि सगळ्यांत खाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या थरथरत्या अक्षरात, 'आमच्या लुगड्याला निदान कनवटी होती.'

आम्ही समितीची तातडीची बैठक घेतली. समितीत आम्हीच आहोत. शंभर वर्षांचे सगळे फलक, फतवे, परिपत्रके आणि अग्रलेख आठवून पाहिले. बाईच्या कपड्यातून काय दिसू नये यावर ढीगभर मजकूर, पण त्यात काय ठेवता यावे यावर कोणाही संस्कृतिरक्षकाची एक ओळ सापडली नाही. शेवटी लेखी उत्तर दिले : परीक्षकाचा अधिकार कपड्याच्या बाहेरून जे दिसते तेवढ्यापुरताच आहे, खिसा आतल्या बाजूला असल्याने तो आमच्या कार्यकक्षेत येत नाही.