बंद हाटेलांची थोरवी

पातूरसारख्या वऱ्हाडी गावात हाटेल बंद पडल्याशिवाय तिथल्या आलुबोंड्याला चव येत नाही. हाटेल चालू असते तोवर रस्सा पातळ आणि चहा नुसता गोड; शटर पडले की तोच रस्सा नाकातोंडातून पाणी काढणारा होता, असे जुने गिऱ्हाईक छातीठोक सांगते. मालकाचा तिरसटपणा सच्चेपणा ठरतो. कागदाच्या तुकड्यावरचे तेल, मीठ लावलेली तळलेली मिरची, डुगडुगते बाकडे, सगळ्यांना बढती मिळते. उधारीची वही तेवढी कोणाला आठवत नाही; हळहळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची बाकी तिच्यातच राहिलेली असते. अकोल्याहून वाशीम-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ रुंद झाला, गाड्या थांबेनाशा झाल्या, हे कारण मग सर्वांनाच सोयीचे पडते.