वाहनशृंगाराची शास्त्रोक्त पद्धत

दसऱ्याला गाडी काढली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं आणि पेढे वाटले, की गाडी घेऊन झाली असा पुष्कळांचा समज असतो. शोरूममधून घरी येते ती नुसती गाडी. तिला चारचौघांत नेण्याजोगी करायचं काम कुटुंबप्रमुखाचं. (गाडी बायकोच्या नावावर असली तरी ॲक्सेसरीजच्या दुकानात कुटुंबप्रमुख तुम्हीच. तिथे आरसी बुक कोणी विचारत नाही, बिल कोण भरणार एवढंच बघतात.)

पुण्यात असाल तर नाना पेठेत जावं, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. जाताना एक सूत्र पाठ करावं: जी वस्तू आपलं रक्षण करते, तिचं रक्षण आपण आधी करायचं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून तिला रबरबँड लावणाऱ्या घरांत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

उदाहरणार्थ, बंपर. हा मार खाण्यासाठीच जन्माला आलेला अवयव. वर प्लास्टिक, आत बीम; जोरात धडक बसली की गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळतो आणि धक्का बराचसा स्वतःच पचवतो, म्हणजे तुमच्या बरगड्यांपर्यंत कमी पोचतो. इंजिनिअरांनी हे मुद्दाम केलेलं असतं. पण कर्ज काढून घेतलेली वस्तू मुद्दाम चुरगळणार, हे आपल्याला कसं पटावं? म्हणून बंपरपुढे लोखंडी नळ्यांचा क्रॅश गार्ड घ्यावा आणि तो थेट चॅसीला बोल्टांनी आवळून घ्यावा. आता धक्का वाटेत कुठे न रेंगाळता आतल्या मंडळींना पोचतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरांचा हिशेबही या नळ्यांमुळे चुकू शकतो. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना प्लास्टिकऐवजी लोखंड लागतं. बंपरला मात्र ओरखडा नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून असे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांच्या आड येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दुकानदाराला हे सांगून पाहावं. तो ‘साहेब, सगळेच लावतात’ हे कलम ऐकवील. त्याला क्रमांक नाही, पण ते देशभर लागू आहे.

भित्र्या प्रकृतीच्या लोकांनी बंपरच्या कोपऱ्यांना रबरी पट्ट्या चिकटवाव्यात. दिसायला सुमार, किंमत किरकोळ, आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाशी रोज सामना असेल तर खरोखर उपयोगी. म्हणूनच दुकानदार त्या मागितल्याशिवाय दाखवत नाही.

मडफ्लॅपच्याही नशिबी असंच दुर्लक्ष आलंय. पावसाळ्यात कोकणातल्या लाल मातीचा सडा दारावर नको असेल आणि मागच्या स्कूटरवाल्याने तुमच्या सात पिढ्यांची आठवण काढू नये असं वाटत असेल, तर चारी चाकांना मडफ्लॅप हवेतच. तुमच्याच मॉडेलचे घ्यावेत. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या कमानीत स्क्रूसाठी भोकं आधीच असतात. फिटिंगवाला पोरगा ती न शोधता ड्रिल काढील, तेव्हा त्याचा हात धरावा. पत्र्याला पाडलेल्या नव्या भोकातून पहिल्याच पावसात गंजाचा गृहप्रवेश होतो. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर घासत नाही ना ते बघावं. जमिनीपासूनची उंची रिकाम्या गाडीत मोजू नये. मागच्या सीटवर आत्याबाई, मामा आणि डिकीत त्यांच्या बॅगा ठेवून मग मोजावी, नाहीतर पहिला स्पीडब्रेकर फ्लॅप ठेवून घेतो.

डोअर व्हायझर ही मात्र बुद्धिमान वस्तू. बाहेर पाऊस, आत सगळ्यांच्या श्वासाने काचा धुरकटलेल्या, अशा वेळी काच दोन बोटं खाली ठेवता येते. पण व्हायझरचं सगळं आयुष्य डबल टेपवर. दाराची चौकट स्पिरिटने पुसून वाळवावी. टेपवरचा लाल कागद दोन्ही टोकांना इंचभर सोलून बाहेर दुमडावा, व्हायझर जागेवर धरून नीट जुळवावा, मग कागद हळूहळू ओढत अंगठ्याने दाबत जावं. पूर्ण पकड यायला तीनेक दिवस लागतात, तोवर पाणी नको. हे दुकानदाराला ठाऊक असतं. म्हणून तो फिटिंग संपल्यावर प्रेमाने म्हणतो, ‘साहेब, फ्री वॉशिंग करून देतो.’ तीन दिवसांनी एक्सप्रेसवेवर मागचा डावा व्हायझर खोपोलीच्या दिशेने एकटाच निघाला, तर त्या फ्री वॉशिंगचे पैसे फिटले समजावं.

छतावरच्या कॅरिअरबद्दल एवढंच: चंदेरी रेल बऱ्याच गाड्यांत नुसत्या शोभेच्या असतात. छतावर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. पुस्तिका मराठी नातेवाइकांसाठी लिहिलेली नसल्याने गावाहून ‘जागा आहे ना वर?’ म्हणत चढवल्या जाणाऱ्या फणसांचा तीत उल्लेख नाही. आंबोली घाटाच्या वळणावर तो गाडीच आपणहून करते.

क्रोमच्या पट्ट्या लावाव्यात. कारण विचारू नये.

उरली नंबरप्लेट. पूर्वी इथे कलेला वाव होता, एक्केचाळीस-एक्केचाळीस वाकवून ‘दादा’ करता यायचं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी मुळातच येते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली तेव्हा महाराष्ट्रात चारचाकीचा दर ठरला ७४५ रुपये, जीएसटी वेगळा. क्रोमला हजार-दोन हजार हसत मोजणारे या पैशांसाठी असे अडून बसले, की मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. तुम्ही अजून गेला नसाल तर जा. तिचं कुलूप एकदा बसलं की ते तोडल्याशिवाय पाटी निघत नाही, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो, अंकांशी खेळता येत नाही. सगळं बसवून झालं, की ठोकणाऱ्याला जरा बाजूला घेऊन विचारावं: ‘हिच्यावर घालायला पारदर्शक कव्हर मिळेल का हो?’