मेट्रो झाली की बघू

नवी मुंबईतल्या बापाला मुलीला तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागत नाही. ‘मेट्रो झाली की बघू’ एवढं म्हटलं की भागतं.

खारघरमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांकडे ही विद्या वडिलोपार्जित आली. ते वाशीत वाढले. एकट्याने दादरला सिनेमाला जातो म्हटलं की त्यांचे वडील म्हणायचे, ‘रेल्वे येऊ दे, मग जा.’ खाडीवरचा पूल १९७३ मध्येच झाला होता, बस धावत होत्या. पण वडिलांच्या मते तो पूल बसपुरता होता, पोरांसाठी नव्हता. ९ मे १९९२ला मानखुर्दहून लोकल वाशीत आली आणि वडिलांची पंचाईत झाली.

पुढे हेच गृहस्थ बाबा झाले. लेक आणि खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण पहिलीत गेल्या त्याच वर्षी, २०११मध्ये, बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन झालं. बाबांना आयतं कारण मिळालं. पाचवीत दोघींना उत्सव चौकातल्या क्लासला एकट्याने जायचं होतं. ‘मेट्रो झाली की जा.’ आठवीत सीवूड्सच्या मॉलमध्ये सिनेमा बघायचा होता. ‘मेट्रो झाली की.’ खांब उभे राहिले, खांबांवर गर्डर चढले, गाडी काही येईना.

तोवर बाबाच रिक्षाने दोघींना पोचवायचे. एकाच इअरफोनचं एक टोक हिच्या कानात, दुसरं तिच्या. दोन्ही दप्तरं बाबांच्या मांडीवर. मधेच दोघी खुदकन हसत. ‘काय झालं गं?’ म्हणून विचारलं की मैत्रीण अदबीने सांगे, ‘काही नाही काका,’ आणि मग दोघी दुप्पट हसत.

लेकीशी वाद घालणं बाबांना जमायचं. तिचा आवाज चढला की बाबांचाही चढे आणि प्रकरण आईकडे जाई. मैत्रीण मात्र पुरावे आणायची. सहावीत ती बिल्डरचं जुनं माहितीपत्रक घेऊन वर आली. त्यावर ठळक छापलं होतं : ‘विमानतळ फक्त १५ मिनिटांवर.’

‘काका, विमानतळ नसताना तुम्ही इथे घर घेतलंत ना? मग मेट्रो नसताना आम्ही क्लासला का नाही जायचं?’

बाबांनी तिला बेसनाचा लाडू दिला.

१७ नोव्हेंबर २०२३ला मेट्रो खरोखरच धावली. ११ स्थानकं, ११ किलोमीटर. तेव्हा दोघी कॉलेजात होत्या आणि हार्बर लाइनला कुठलं स्टेशन कुठल्या बाजूला येतं, हे बाबांनाच शिकवत होत्या. पहिल्या फेरीला तिघांनी मिळून जाऊ, असं बाबांच्या मनात होतं. ‘बाबा, लेक्चर आहे,’ लेक म्हणाली. बाबा एकटेच पेंधर ते बेलापूर जाऊन आले.

मग त्यांनी भिस्त विमानतळावर ठेवली. मैत्रिणींबरोबर गोवा? ‘विमानतळ होऊ दे.’ पायाभरणी फेब्रुवारी २०१८ची, म्हणजे अजून बरीच वर्षं निघतील, असा त्यांचा हिशेब. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं आणि तोही चुकला.

पाठोपाठ २ नोव्हेंबर उजाडला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल. दोघींकडे तिकिटं होती, बाबांकडे कारण नव्हतं. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. शेफाली वर्मा ८७ धावा कुटत होती आणि बाबा टीव्हीवर चेंडू सोडून प्रेक्षक बघत होते. दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला, भारत ५२ धावांनी जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाबांनी फोन लावला. पलीकडून नुसता आरडाओरडा. थोड्या वेळाने मैत्रिणीचा मेसेज आला : ‘काका, आम्ही नाचतोय. तुम्ही झोपा.’

२५ डिसेंबरला नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. त्याच आठवड्यात मैत्रीण लॅपटॉप घेऊन वर आली.

‘काका, गोव्याची तिकिटं काढू?’

बाबांनी घसा खाकरला. ‘दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो होणार आहे म्हणे. ती एकदा झाली की…’

‘तीन काढतेय,’ स्क्रीनवरची नजर न हलवता ती म्हणाली. ‘तुम्हाला सीनियर सिटिझनची सवलत लागू व्हायला अजून वेळ आहे ना काका?’