भवानीआधीच पावती

१९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिअर ओमिद्यार नावाच्या तरुणाने लिलावाचं एक संकेतस्थळ काढलं. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं म्हणे, ‘बाबा रे, हा मोडका आहे, ठाऊक आहे ना?’ तर उत्तर आलं, ‘मी मोडकेच जमवतो.’ ही ईबेची जन्मकथा. अमेरिकेतल्या कुठल्याही गृहस्थाला ती ऐकवा, तो ताटावरून उठून बेसमेंटमध्ये जातो. आमचे जावईबापू न्यू जर्सीत असतात. ते हात न धुताच गेले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. सुरुवातीला हा बाजार फुकट होता. गर्दी वाढली, तसं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ‘हे काही घरगुती खातं दिसत नाही’ म्हणत ओमिद्यारला महिना २५० डॉलरचं बिल लावलं. तेव्हा त्याने विकणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. लोकांनी पाकिटातून चेक धाडले, सुटी नाणीही धाडली, आणि ती पाकिटं फोडायला माणूस ठेवायची वेळ आली. माझ्या मते पॉइंटरपेक्षा ही पाकिटं जास्त महत्त्वाची. घेणारा भेटेल की नाही हे देव जाणे, पण विकू पाहणारा पैसे भरायला एका पायावर तयार असतो, हा शोध तेव्हा लागला. पुढची तीस वर्षं सगळी बाजारपेठ त्याच शोधावर जेवते आहे.

बेसमेंटचं म्हणाल तर, पुण्यात जे माळ्यावर जातं ते तिथे जमिनीखाली जातं, एवढाच फरक. फिल्मचे दोन कॅमेरे, कपडे वाळत घालण्यापुरती उरलेली ट्रेडमिल, लग्नात आलेले एकसारखे राइस कुकर, नातवाचे लहान झालेले स्केट्स, कुठल्याच यंत्राला न बसणाऱ्या वायरींची पेटी. ‘एक तर हे विका, नाहीतर मी कचऱ्यात देते,’ असं लेकीने बजावलं होतं. यावर सरळ उपाय म्हणजे शनिवारी सकाळी गराजचं दार उघडून बसायचं. तिथे पुष्कळ गावांत त्यालाही टाऊनशिपचा परवाना काढावा लागतो, पण तो चार-पाच डॉलरांत सुटतो. जावईबापूंना मात्र हा मार्ग कमीपणाचा वाटला. आयटीत ‘आर्किटेक्ट’ असलेल्या माणसाने दारात खुर्ची टाकून राइस कुकर विकायचे? त्यांनी ऑनलाइन दुकान घ्यायचं ठरवलं.

मी जन्मभर सहकारी बँकेत काढलेली. समोर दरपत्रक आलं की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. माझा जुना कॅसिओ मी पुण्याहून सोबत नेला होता.

‘जावईबापू, माल किती आहे?’

‘साठ-पासष्ट आयटम निघतील, बाबा.’

‘दुकान न घेता ईबेवर फुकट किती मांडता येतात?’

‘महिन्याला अडीचशे.’

‘आणि हे तुमचं स्टार्टर दुकान घेतल्यावर?’

‘अडीचशे.’

मी काही बोललो नाही. लेकही बोलली नाही. नातू तेवढा हसला, पण तो बहुधा टीव्ही बघून.

‘तसं नाही बाबा,’ जावईबापू म्हणाले, ‘अडीचशेच्या पुढे दुकान नसेल तर एका लिस्टिंगला पस्तीस सेंट पडतात. दुकान असेल तर तीसच.’

हे स्टार्टर दुकान वर्षाचा करार केला तर महिना ४ डॉलर ९५ सेंटला पडतं, महिन्या-महिन्याने घेतलं तर ७ डॉलर ९५ सेंटला. एका लिस्टिंगमागे वाचणार पाच सेंट. म्हणजे ४ डॉलर ९५ सेंट वसूल करायचे तर अडीचशे संपल्यावर आणखी ९९ वस्तू मांडायच्या. एकूण ३४९, आणि त्याही दर महिन्याला. जावईबापूंकडे होत्या पासष्ट. हिशेब तिथेच मिटायला हवा होता. पण हिशेब मिटवण्यासाठी कुणी दुकान घेत नाही. त्यांनी वर्षाचा करार केला, कारण तो ‘स्वस्त पडतो’.

पैसे भरल्यावर आधी नावाचा प्रश्न आला. नावात सह्याद्री हवाच, असं जावई; अमेरिकन माणसाला उच्चारता यायला हवं, असं लेक. मग लोगो. मग बॅनर. त्यात फोटो रायगडाचा घ्यायचा की कॅमेऱ्यांचा, यावर दोन वीकएंड गेले. व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना दुकानाची लिंक गेली. साताऱ्याच्या आत्यांनी ‘भरभराट होवो’ म्हणून गणपती पाठवला आणि खाली विचारलं, ‘किराणा का रे?’ या सबंध काळात एक राइस कुकरसुद्धा मांडला गेला नव्हता, पण घरात व्यापारी वातावरण होतं.

आणि मग त्या ३४९ च्या आकड्याने आपलं काम सुरू केलं. वसूल करायचं तर माल हवा. माल नाही. म्हणजे आधी आणायला हवा. दर शनिवारी जावईबापू इतरांच्या गराज सेलला जाऊ लागले. घरात जुने टाइपरायटर आले, पितळी मेणबत्तीदाण्या आल्या, कुणाच्या तरी आजोबांची बोलिंगची ट्रॉफी आली. बेसमेंट रिकामं करायला काढलेल्या दुकानामुळे ट्रेडमिल आता जिन्यात येऊन उभी आहे. लेक तिच्यावर कपडे वाळत घालते, म्हणजे एकूण उपयोगात फरक नाही.

आता एका विक्रीचा हिशेब सांगतो, कारण ईबेच्या कमिशनचा ‘तेरा टक्के’ हा आकडा ऐकायला बरा वाटतो. खरं तर तेरा कधीच नव्हते. बहुतेक मालाला १३.२५ होते, २०२५ च्या फेब्रुवारीत १३.६ झाले. समजा, चाळीस डॉलरचा कॅमेरा आहे. टपालाचे दहा डॉलर गिऱ्हाईक देणार. गिऱ्हाईकही न्यू जर्सीतलंच, म्हणून त्या पन्नासवर ६.६२५ टक्के विक्रीकर, ३ डॉलर ३१ सेंट. एकूण झाले ५३ डॉलर ३१ सेंट. ईबेचे १३.६ टक्के कशावर? चाळीसवर नाही. ५३ डॉलर ३१ सेंटवर. म्हणजे टपालखात्याला जायच्या पैशावरही कमिशन आणि सरकारला जायच्या करावरही कमिशन. ते होतात ७ डॉलर २५ सेंट. शिवाय दर ऑर्डरमागे चाळीस सेंट. एकूण ७ डॉलर ६५ सेंट. चाळीसच्या कॅमेऱ्यावर हे एकोणीस टक्क्यांच्या वर जातं. खोकं, चिकटपट्टी आणि पोस्टात उभं राहणं वेगळं. करावर दलाली घ्यायची ही कल्पना आमच्या बँकेतल्या कुठल्याच संचालकाला कधी सुचली नाही, आणि ते काही भोळे नव्हते.

आठवडी बाजारात पाल ठोकलं की पावती फाडणारा येतो. वांगी खपली का, हे तो विचारत नाही. तुम्ही बसलात ना, मग पैसे टाका. पण तो निदान एकदाच येतो. ईबेवरचा पावतीवाला आधी बसायचे घेतो, मग विकल्याचे घेतो. आणि जाता जाता कानात विचारतो, ‘पुढच्या रांगेत बसायचंय का? विक्री झाली तरच थोडी टक्केवारी द्या.’ याला प्रमोटेड लिस्टिंग म्हणतात. सगळेच पुढच्या रांगेचे पैसे देऊ लागले की पुढची रांग मागे कुठवर जाते, याचा अंदाज एसटी स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला सहज येईल.

बेसिक दुकान हा याच्या वरचा मजला. वार्षिक करारावर महिना २१ डॉलर ९५ सेंट, एक हजार लिस्टिंग फुकट, आणि बहुतेक मालाला कमिशन १३.६ ऐवजी १२.७ टक्के. इथे निदान गणित तरी आहे. बिनदुकानाच्या माणसाला अडीचशेपुढे पस्तीस सेंट पडतात, त्या दराने ३१३ व्या वस्तूपासून बेसिक परवडायला लागतं. नुसत्या कमिशनच्या फरकावर वसूल करायचं म्हटलं तर महिन्याला साधारण २,४४० डॉलरची विक्री हवी, म्हणजे वरच्या हिशेबातली तसली सेहेचाळीस बिलं. ज्याचा खरोखर धंदा आहे, त्याने हे दुकान जरूर घ्यावं. त्याला माझा सल्ला लागतही नाही. ज्याच्याकडे पासष्ट वस्तू आहेत त्याने अडीचशेची फुकट जागा वापरावी आणि गप्प बसावं. हे मी जावईबापूंना सांगितलं. ते म्हणाले, ‘बाबा, तुम्ही स्केलचा विचार करत नाही.’ त्यांची नजर तेव्हा अँकर दुकानावर होती. ते वार्षिक करारावर महिना २९९ डॉलर ९५ सेंटला मिळतं. त्याच्याही वर एंटरप्राइझ आहे, २,९९९ डॉलर ९५ सेंटला. तीन हजारांतून पाच सेंट सोडण्याचं औदार्य मला फार आवडलं.

लेकीचा मार्ग निराळा. ती लोकरीची तोरणं विणते आणि एट्सीवर ठेवते. एट्सी २००५ साली ब्रुकलिनमध्ये निघाली ती हातांनी केलेल्या वस्तूंसाठी. जुनं विकायचं तर ते किमान वीस वर्षांचं हवं, मग त्याला व्हिंटेज म्हणतात. (सासरे-मंडळींनी हा नियम नीट लक्षात ठेवावा.) इथे फुकट काही नाही, पण जे आहे ते वीस सेंट. वीस सेंट म्हणजे काहीच नाही. चार महिने तोरण खपलं नाही की पुन्हा वीस सेंट, तुम्ही झोपेत असलात तरी आपोआप. साठ तोरणं वर्षभर नुसती लटकत ठेवायला छत्तीस डॉलर. विकलं गेलंच तर टपालासकट रकमेवर साडेसहा टक्के, पैसे जमा करून घ्यायचे तीन टक्के आणि वर पंचवीस सेंट. एट्सीने बाहेर कुठे जाहिरात केली आणि तिच्यावरून गिऱ्हाईक आलं, तर पंधरा टक्के आणखी. छोट्या दुकानदाराला या जाहिराती बंद करता येतात. त्या आधीपासून चालू असतात, एवढंच.

हे साडेसहा टक्के पूर्वी पाच होते, त्याआधी साडेतीन. २०२२ च्या एप्रिलमध्ये पाचाचे साडेसहा झाले तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं ‘सुट्टीवर’ ठेवून संप केला. संप मिटला, साडेसहा राहिले. विणणाऱ्या बायकांनी आठवडाभर दुकान बंद ठेवलं तर मालकाची झोप उडत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या तोरणाकडे जातं.

एट्सीलाही वरचा मजला आहे. नाव प्लस, महिना दहा डॉलर. त्यात मिळतं काय? पंधरा लिस्टिंगची सूट, म्हणजे तीन डॉलर. आणि एट्सीवरच जाहिरात करायला पाच डॉलर. दहा द्या आणि आमच्याकडेच खर्च करायची आठची कुपनं घ्या, तीही महिन्याच्या महिन्याला संपवा. उरलेल्या दोन डॉलरांत दुकानाची पाटी थोडी देखणी करता येते. लेकीने हे घेतलं नाही. तिला कुणी दुकानदार म्हणावं अशी तिची हौस नाही. तोरण खपावं एवढीच आहे. म्हणून तिची चार-दोन तोरणं खपतातही.

या सगळ्यात अमेरिकन सरकारनेही गंमत करून घेतली. वर्षात वीस हजार डॉलर आणि दोनशे व्यवहार झाले तर बाजारवाल्याने कर खात्याला १०९९-के फॉर्म धाडायचा, असा नियम होता. २०२१ च्या कायद्याने वीस हजारांचे सहाशे केले. मग तो नियम दरवर्षी पुढे ढकलला आणि २०२५ मध्ये पुन्हा वीस हजारांवर नेऊन ठेवला. मधली चार वर्षं जुने सोफासेट विकणारी माणसं चार्टर्ड अकाउंटंट असल्यासारखी घाबरून होती. जावईबापूंना त्या फॉर्मची फार आस होती. तो आला नाही.

आता फुकटाचं. लिथुआनियातून निघालेल्या व्हिंटेडने विकणाऱ्याकडून काही घ्यायचंच नाही असं धोरण ठेवलं आणि युरोपातली कपाटं तिकडे रिकामी व्हायला लागली. तेव्हा ईबेने २०२३ मध्ये जर्मनीत आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये घरगुती विक्रेत्यांची फी माफ केली. इतकी वर्षं जी फी नसेल तर बाजार चालणारच नाही, ती एका सकाळी गेली. ब्रिटनमध्ये चारेक महिन्यांत, २०२५ च्या फेब्रुवारीत, ‘खरेदीदार संरक्षण’ या नावाने ती घेणाऱ्याच्या बिलात उगवली. विकणाऱ्याला वाटतं आपले वाचले, घेणाऱ्याला वाटतं आपलं संरक्षण होतंय.

ही बातमी मीच जावईबापूंना वाचून दाखवली, त्यांनी दुकान बंद करावं म्हणून. त्यांनी ती नीट ऐकली आणि म्हणाले, ‘बाबा, माझा चुलतभाऊ लंडनला आहे. सगळा माल त्याच्याकडे पाठवला तर?’

टाइपरायटर न्यू जर्सीहून लंडनला धाडायला काय पडेल, हे त्यांना तिथल्या तिथे काढून दाखवावं म्हणून मी टेबलाशी गेलो. कॅल्क्युलेटर जागेवर नव्हता. सगळीकडे शोधला, मग शंका येऊन दुकान उघडून पाहिलं. चार कोनांतून काढलेले फोटो, आणि वर मथळा: ‘व्हिंटेज कॅसिओ, एकच मालक, बँकेत वापरलेला, चालू स्थितीत’. किंमत अठरा डॉलर. दुकानातल्या बाकी सगळ्या मालावर मिळून दोघांची नजर होती. यावर सात जणांची.

मी म्हटलं, ‘जावईबापू, पंचवीस करा.’