नऊ मीटर रस्त्याच्या मालकांस

प्रति,
मा. शेठजी,
मालक, चालक व पालक, गावाबाहेरच्या तुरीच्या रानात यंदा उगवलेलं नवं 'नगर',
मु. पो. मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर.

स. न. वि. वि.

आपलं रंगीत पत्रक पोचलं. भज्यांभोवती गुंडाळलेलं आलं, त्यामुळं एका कोपऱ्यातली बाग तेलानं पारदर्शक झाली आहे, पण बाकीचा मजकूर स्वच्छ वाचता येतो. 'शहराचं सुख, गावाची हवा.' खाली नकाशा: 9 मीटर रुंद अंतर्गत रस्ते, दुतर्फा झाडं, झाडाखाली बाक आणि सायकलवर एक गोरीपान मुलगी. मैंदर्गीत मे महिन्यात भर दुपारी सायकलवर हसणारी मुलगी आजवर कुणी पाहिली नव्हती. तुमच्यामुळं तेही होणार म्हणायचं.

जागा प्रत्यक्ष बघून आले. कमान उभी आहे, झक्क. कमानीला कुंपण नाही, त्यामुळं शेळ्या बाजूनं आत जातात. कमानीतून फक्त गिऱ्हाइकं जातात. आत फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्याला रोवलेले दगड आणि मधे तुरीची धसकटं. तुमच्या पोरानं हात लांब करून मला रस्ता दाखवला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तो म्हणाला, "मावशी, नकाशात बघा की."

मी नोकरीच्या निमित्तानं आयुष्याचा बराच भाग सोलापुरात भाड्यानं काढला. पेठेत राहिले, जुळे सोलापुरात राहिले, हद्दवाढीतल्या गुंठेवारीतही राहिले. आता निवृत्त होऊन गावी आले आहे आणि सल्ला फुकट वाटते. तुम्ही शहराचं सुख मैंदर्गीत आणायचं मनावर घेतलंच आहे, तर ते अर्धवट आणू नका. काय काय आणावं लागेल, ते खाली सविस्तर देते.

माझी पहिली खोली पेठेत, कन्ना चौकाच्या पलीकडं, पूर्व भागात. ती गल्ली तुमच्या व्यवसायाला अगदीच निरुपयोगी. समोरून दोन माणसं आली की एकानं भिंतीला पाठ लावायची, आणि सायकल आली की दोघांनीही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरं. खाली माग, वर संसार. दिवसभर यंत्रमागांची खडखड. पहिल्या आठवड्यात वाटलं, वेड लागणार. पुढं पुढं तो आवाज कानाला कळेनासाच झाला. कळायचा तो फक्त बंद पडल्यावर. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि सगळी दारं एकदम उघडायची. माणसं बनियनवर बाहेर यायची, अंगावर सुताचा पांढरा भुरा, बायका पायरीवर टेकायच्या. मग चौकशा. एकीनं तेलुगूत विचारायचं "तिन्नावा?", दुसरीनं दखनीत "खाना हुआ क्या?", आणि मी मैंदर्गीची आहे हे कळल्यावर कोपऱ्यावरच्या आज्जींचं हमखास "ऊटा आयतेनु?" जेवलीस का, हा प्रश्न एका संध्याकाळी तीन भाषांत आल्यावर माणूस उपाशी राहू शकत नाही.

पण मी त्या गल्लीचे गोडवे गाणार नाही. जेवलीस का विचारणाऱ्या त्याच तोंडांनी 'काल साडेनऊला आलीस, कोण सोडायला आलं होतं' हेही विचारायचं. माझ्या घरी आलेलं पाकीट माझ्या आधी चार जणींना माहीत असे. अरुंद रस्त्याचं भाडं असं चुकवावं लागतं. म्हणून पगार वाढला तशी मी उठले आणि जुळे सोलापुरात गेले.

तो रस्ता मात्र तुमच्या पत्रकातल्यासारखा. रुंद, सरळ, दोन्हीकडं कंपाउंडच्या भिंती, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' आणि त्यापुढं नाव, पदवी, निवृत्तीचं खातं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. रात्री दहाला घरी यावं, फाटक कुरकुरावं, बस. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. एकट्या बाईला असला बेफिकीर रस्ता म्हणजे माहेरच. फक्त कोथिंबिरीच्या जुडीला स्कूटर काढावी लागायची, आणि समोरच्या घरात मयत झाली ते मला मांडवाच्या बांबूंवरून कळलं.

या रस्त्यावर माणसं एकमेकांना भेटायची ती पाण्याच्या दिवशी. सोलापूरचं पाणी उजनी धरणातून येतं, शंभरावर किलोमीटरवरून, आणि नळाला यायचं चार-पाच दिवसांनी. आमच्या रस्त्यावर ते बहुधा पहाटेच यायचं. सगळ्या फाटकांच्या आत एकाच वेळी मोटरी घरघरायच्या, निवृत्त अभियंते लुंगीवर बाहेर यायचे, आणि कुणाची मोटर किती अश्वशक्तीची यावरून जे संवाद व्हायचे ते एरवीच्या चार दिवसांचा अबोला भरून काढणारे असायचे. ज्याची मोटर मोठी त्याची टाकी आधी भरते. रस्त्याच्या रुंदीशी पाण्याचं काही नातं नसतं. तुमच्या पत्रकात '24 तास पाणी' असं छापलंय. आपल्या मैंदर्गीला पाणी बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातून येतं, त्यावर अक्कलकोट आणि दुधनीही तहान भागवतात. तर हे चोवीस तास नेमके किती दिवसांत मिळून होणार, तेवढं एका ओळीत छापून टाका.

आता मुख्य विषय. भाडं परवडेना तेव्हा मी हद्दवाढीत गेले, आणि रस्ता कसा जन्माला येतो ते तिथं शिकले. 1992 साली आजूबाजूची गावं घेऊन सोलापूर महापालिकेची हद्द वाढली आणि 33 चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात 178 च्या पुढं गेलं. मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, शेळगी, बाळे, केगाव, देगाव ही गावं झोपताना गावं होती, उठली तेव्हा शहर. शहराला त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. तुमच्या धंद्यातल्या थोरल्या भावंडांना तेवढा दम नव्हता. त्यांनी शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली: 1089 चौरस फूट म्हणजे एक गुंठा, परवडत नसेल तर अर्धा घ्या. स्टॅम्पपेपर, नोटरी, साक्षीला चहावाला. सातबारावर नाव चढत नव्हतं, बांधकाम परवाना मिळत नव्हता, कर्ज मिळत नव्हतं. पण कामगाराला, शिपायाला, हातगाडीवाल्याला शहरात दुसरं काय मिळत होतं? विकणाऱ्यानं वाईट केलं आणि घेणाऱ्यानं बरोबर केलं, असं माझं आजही मत आहे. सरकारचंही तसंच काहीसं असावं. 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला तो 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या गुंठ्यांना, म्हणजे यापुढं नाही, ही शेवटची माफी. 2021 साली दुरुस्ती होऊन ती शेवटची माफी 31 डिसेंबर 2020 पर्यंत लांबली. पुढच्या शेवटच्या माफीची तयारी चालूच असेल.

तर रस्ता. गुंठेवारीत आधी माणसं येतात. पहिल्या पावसात काळी माती अशी धरते की चप्पल तिथंच सोडून पाय तेवढा घरी येतो. आमच्याकडं लोक चपला पिशवीत घालून डांबरी सडकेपर्यंत अनवाणी जायचे आणि तिथल्या पंक्चरवाल्याच्या हौदात पाय धुऊन कामावर. दुसऱ्या पावसाआधी वर्गणी निघते. घरटी पैसे, दोन ट्रॉल्या मुरूम, रविवारी सगळ्यांच्या हातात फावडी. ज्याच्या दारात मुरूम जास्त पडला त्याच्याशी तीन महिने भांडण. मग निवडणूक, मग खडी. खडीवर डांबर पडतं ते पुढच्या निवडणुकीला. डांबर वाळलं की ड्रेनेजवाले खोदायला येतात, आणि ड्रेनेजचं बुजलं की पाइपलाइनवाले. अशा तऱ्हेनं एखादी पिढी शाळेतून बाहेर पडेपर्यंत रस्ता तयार होतो आणि मग त्याला नाव देण्यावरून मारामारी करता येते.

शेठजी, या सगळ्यात तुमच्या धंद्यातल्या माणसाचा वाटा फक्कीच्या पोत्याएवढा. बाकी रस्ता राहणाऱ्यांनी केला.

मध्यंतरी कुंभारीला उतरले होते. अक्कलकोट रस्त्यावरच आहे, तुम्हीही चौपदरीवरून गाडी हाणत जाता तेव्हा उजवी-डावीकडं न बघता पुढं निघून जात असाल. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून तिथं सहकारी संस्थेतून 10 हजार घरं उभी केली. गोदूताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला आहे, आणि 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. शेजारी आता 30 हजार घरांचं रे नगर, त्यातल्या 15 हजारांचं वाटप 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं. एका खेड्याच्या शिवारात दोन पंतप्रधान येऊन गेले. तुमच्या कमानीच्या उद्घाटनाला कोण येणार आहे, ते पत्रकात दिसलं नाही.

माझी पूर्व भागातली शेजारीण आता तिथं राहते. दारात बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पान कात्रीनं कापायचं, चिमूट भरायची, गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. बोलताना नजर माझ्याकडं आणि बोटं आपली चालूच. रांगेतली घरं हुबेहूब सारखी, म्हणून तिनं उंबऱ्याला गडद निळा रंग दिलाय. सुरुवातीला नातवंडं दुसऱ्याच्या घरात शिरायची. स्वतःचं घर झालं, आता कशी आहेस, असं विचारलं तर म्हणाली, "अक्का, तिकडं भाडं घरमालकाला देत होतो, इकडं रिक्षावाल्याला देतो." मग जरा थांबून म्हणाली, "पण रिक्षावाला घर खाली कर म्हणत नाही." तिच्या गल्लीत संध्याकाळी दारोदार सुपं असतात. विड्या मोजताना नापास म्हणून छाट किती निघाली याचीच चर्चा. रस्ता सरकारी मापाचा, पण त्यावर पाय टाकायला जागा नव्हती इतक्या बायका बसलेल्या.

हे सगळं तुम्हाला का सांगते? तुमच्या पोराला मी विचारलं, प्लॉट कुणी कुणी घेतले. त्यानं वही काढली. दोन पुण्याला, एक हैदराबादला, एक दुबईला, तीन सोलापूरला, एक 'साहेब', त्यांचं नाव सांगायचं नाही. मैंदर्गीत राहणारा एकही नाही. आमच्या गावची पोरं शिकली की अक्कलकोट, सोलापूर करत पुण्याला जातात आणि तिथल्या कुठल्यातरी सोसायटीच्या सातव्या मजल्यावरून गावात प्लॉट घेतात, भाव वाढेल म्हणून. घर बांधणार कोण? मुरमाची वर्गणी कोण गोळा करणार? भांडायला तरी समोर कुणी पाहिजे. तुमचं नगर जवळजवळ भरलंय आणि त्यात वस्ती नाही. पेठेतल्या गल्लीत जागा नव्हती, जुळ्या सोलापुरात ओळख नव्हती, गुंठेवारीत कागद नव्हते, कुंभारीत रोजगार लांब. पण त्या चारही ठिकाणी रात्री दिवे लागायचे. तुमच्या रस्त्यावर लागेल ती वेडी बाभळ, आणि तिला 9 मीटर अजिबात कमी पडणार नाहीत.

तिथं तूर होत होती, हे जाता जाता सांगून ठेवते. दुधनीच्या बाजारात जायची. आता ज्याचं रान होतं तो तुमच्या कमानीशी रखवालदार आहे. शेळ्या हाकलत नाही, त्याच्याच आहेत.

तेव्हा माझ्या माफक सूचना. खुल्या जागेचा 10 टक्क्यांचा तुकडा नकाशात हिरवा दाखवलाय तो जमिनीवरही सोडा. तिथं पुढं मंदिर, वाचनालय की तुमचंच कार्यालय निघेल हे आत्ताच सांगा, म्हणजे वर्गणीचं ठरवता येईल. सायकलवरच्या मुलीला डोक्यावर पंचा द्या. कमानीवर 'स्वागत' मराठीत आहे ते कन्नडमध्येही लिहा, आपल्याकडं निम्म्या पाहुण्यांचं स्वागत त्याच भाषेत होतं. आणि पुण्याच्या मालकांना कळवा की वर्षातून एकदा जत्रेला यावं आणि आपापल्या प्लॉटमधली बाभळ तोडून जावी.

कोपऱ्यावरचा एक प्लॉट अजून शिल्लक आहे असं तुमचा पोरगा म्हणाला. मी घेईन. बांधीन आणि राहीनही, म्हणजे तुमच्या नगरात एक तरी माणूस येईल. अट एकच. इसाराचे पैसे देण्याआधी तो 9 मीटर रस्ता मला जमिनीवर मोजायचा आहे. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत येते. टेप माझ्याकडं आहे; एक टोक मी धरीन, दुसरं धरायला तुम्ही स्वतः या, पोराला पाठवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक संभाव्य प्लॉटधारक,
मैंदर्गी

ता. क. पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवलीत हे फार चांगलं केलंत. या पत्राचा कच्चा खर्डा तिथंच लिहिला.